कर्नलसाहेबांचा हिशेब

दिवाळीला गावी गेलो की फराळ आटोपून चावडीपर्यंत एक फेरी मारायची, हा माझा जुना परिपाठ आहे. यंदा धाकटा पुतण्या बरोबर होता. चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर तिच्यावर इंग्रजीत कोरलेला आहे. नाव एकाचेही नाही. सातारा-रत्नागिरीकडच्या पुष्कळ गावांत वाचकांनी अशा पाट्या पाहिल्या असतील.

"काका, हे कुठं गेले होते?" चिरंजीवांनी विचारले.

"कोणी फ्रान्सला, पुष्कळसे बसऱ्याकडे. म्हणजे आताच्या इराकात."

"तिथं आपलं काय होतं?"

"चल, ऊन वाढलं," असे म्हणून मी त्याला घरी आणले. उत्तर नसले की वडीलधारी माणसे हेच करतात. पण प्रश्न काही चावडीवर राहिला नाही, तो आमच्या पाठोपाठ घरी आला. गंमत अशी की, जवळजवळ हाच प्रश्न १९२० साली लंडनच्या वर्तमानपत्रांतून एका इंग्रज कर्नलाने विचारला होता.

हा कर्नल म्हणजे टी. ई. लॉरेन्स. अरबी झग्यातला, उंटावर बसलेला लॉरेन्स सिनेमामुळे आपल्याकडेही ठाऊक आहे. मूळचा हा पुराणवस्तू उकरणारा विद्वान. १९१६ साली तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांत तो मिसळला, १९१७ त त्यांच्याबरोबर अकाबा घेतले आणि १९१८ च्या ऑक्टोबरात दमास्कस गाठले. अरब लढत होते स्वातंत्र्याच्या आशेवर. इंग्रज आणि फ्रेंच मात्र तो मुलूख आपसांत वाटून घेण्याचा करार १९१६ सालीच गुपचूप करून बसले होते. लॉरेन्सला हे लढाई चालू असतानाच कळले होते आणि तो सल त्याच्या मनातून कधी गेला नाही. युद्ध संपताना पंचम जॉर्जने त्याला किताब देऊ केला, तो त्याने बादशहाच्या समोरच नाकारला.

इराक, तेव्हाचा मेसोपोटेमिया, जिंकला तो मात्र मुख्यतः हिंदी फौजेने. पावणेसहा लाखांहून अधिक हिंदी माणसे त्या मोहिमेवर गेली. १९१४ च्या नोव्हेंबरात बसरा घेतले ते आपल्या पुण्याचे नाव लावणाऱ्या सहाव्या डिव्हिजनने. पुढच्याच वर्षी ही डिव्हिजन कुत गावात कोंडली गेली. आत तीन मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. घोडे मारून खाण्याची पाळी आली, तेव्हा घोड्याचे मांस खाण्यापेक्षा उपास बरा म्हणणारे शिपाई थोडेथोडके नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली. त्यांतली हजारो परत आलीच नाहीत. कुत सोडवण्यासाठी तुर्की सेनापतीला २० लाख पौंड देऊ करायला गेलेल्यांत तरुण लॉरेन्सही होता. तुर्काने पैसे घेतले नाहीत.

१९१७ च्या मार्चमध्ये बगदाद पडले. आम्ही जेते म्हणून आलो नाही, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, असा जाहीरनामा जनरल मॉडच्या नावाने निघाला. मुक्तिदाते तिथेच राहिले. १९२० च्या एप्रिलमध्ये त्या मुक्कामाला सांरेमोच्या परिषदेने 'मॅन्डेट' असे सभ्य नाव दिले. ३० जूनला रुमैथा गावी एका शेखाला सरकारी अधिकाऱ्यांनी अडकवले, त्याच्या माणसांनी त्याला सोडवून नेले आणि पाहता पाहता निम्मा मुलूख पेटला. रुमैथात वेढले गेलेल्यांत ११४ व्या मराठा पलटणीचे शिपाईही होते.

इथे लॉरेन्सने लेखणी उचलली. जुलैत 'टाइम्स'मध्ये, ऑगस्टात 'ऑब्झर्व्हर' आणि 'संडे टाइम्स'मध्ये. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: तुर्क लोक स्थानिक १४,००० शिपायांवर राज्य चालवीत आणि शांतता राखण्यासाठी वर्षाला सरासरी २०० अरब मारीत. आपण ९०,००० माणसे, विमाने, चिलखती गाड्या ठेवतो आणि या एका उन्हाळ्यात दहा हजारांच्या आसपास अरब मारले आहेत. साडेचारशे इंग्रज अधिकारी कारभार करतात आणि जबाबदारीच्या जागेवर तिथला माणूस एकही नाही. उपाय? सरकारी भाषा अरबी करा, अरबांच्याच दोन डिव्हिजन उभ्या करा आणि बारा महिन्यांत एकूणएक ब्रिटिश आणि एकूणएक हिंदी शिपाई तेथून काढून घ्या.

हे एखाद्या शांततावाद्याने लिहिले असते तर कोणी ढुंकून पाहिले नसते. लिहिणाऱ्याने स्वतः तुर्कांच्या आगगाड्या उडवल्या होत्या.

'संडे टाइम्स'मधला लेख २२ ऑगस्टचा. त्याच महिन्याच्या १ तारखेला लोकमान्य गेले होते, तेव्हा आपल्याकडे बगदादकडे कोणाचे लक्ष असणार, असे मला पूर्वी वाटे. ते चूक होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला कलकत्त्याला काँग्रेसचे खास अधिवेशन भरले आणि असहकाराचा ठराव झाला. शाळा-कोर्टांचा बहिष्कार आपण सगळे पाठ करतो. पण शिपाई, कारकून आणि मजूर यांनी मेसोपोटेमियातल्या नोकरीसाठी भरती होऊ नये, असेही एक कलम त्यात होते. लॉरेन्स लंडनला म्हणत होता, यांना परत पाठवा. कलकत्ता म्हणत होते, जाऊच नका. दोघांना एकमेकांची ओळखदेख नव्हती.

मात्र दोघांना एका माळेत ओवू नये. लॉरेन्स साम्राज्याचा वैरी नव्हता. अरबांचा देश कॅनडासारखा आपल्या छत्राखाली राहावा, अशी त्याची इच्छा होती. त्याने हिशेब मांडला तो आपल्या देशाच्या तिजोरीचा आणि माणसांचा, आणि सरकारने तो हिशेबासारखाच वाचला. पायदळ महाग पडते ना? ठीक. १९२१ च्या मार्चमध्ये चर्चिलने कैरोला परिषद भरवली. लॉरेन्स आता त्याचा सल्लागार होता. फैसलला गादी दिली आणि पहारा विमानदलाकडे सोपवला. बंड केलेल्या गावांवर वरून बाँब टाकले की पलटणी पाठवाव्या लागत नाहीत. बाँबने बायकामुले नीटशी मरत नाहीत, तेव्हा विषारी वायूच का वापरत नाही, असे कडवट उपहासाने 'ऑब्झर्व्हर'मध्ये लिहिणारा हाच माणूस! मला त्याची ही बाजू समजत नाही. कदाचित फैसलला राज्य मिळाले यातच आपला शब्द पाळला गेला, अशी त्याने मनाची समजूत घातली असेल.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. हिंदी शिपायांची मात्र तिथे नावे कोरली नाहीत. अधिकाऱ्यांची तेवढी कोरली, बाकीच्यांचा पलटणवार आकडा. आमच्या चावडीसारखेच.

भाऊबीजेच्या दुपारी हे सारे मी पुतण्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"मग बारा महिन्यांत गेले का ते इंग्रज?"

"१९३२ साली इराक स्वतंत्र म्हणून मान्य झाला. पण हब्बानियाच्या विमानतळावरचे शेवटचे ब्रिटिश गेले १९५९ साली."

त्याने बोटांवर मोजले. "एकोणचाळीस वर्षं."

"आणि २००३ साली ब्रिटिश फौज पुन्हा बसऱ्यात उतरली. ती २००९ पर्यंत होती."

"तेव्हा आपल्या गावातलं कोणी गेलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. या एका प्रश्नाचे उत्तर मला येत होते.