शस्त्रक्रियेनंतरच्या ऐकण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या व त्याची गरज असलेल्या व्यक्तींसाठी तपासणी, देखभाल व वाचाउपचारांची कायमस्वरूपी व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,

राज्यातील कर्णबधिर मुलांचे पालक व वाचाउपचारतज्ज्ञ यांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे.

कानामागचे मशीन आवाज मोठा करते. पण आतल्या कानातील केसपेशीच निकामी झाल्या असतील, तर तो कितीही मोठा केला तरी व्यर्थ. कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना वगळून थेट श्रवणतंतूला विद्युत संदेश देते. बाहेर मायक्रोफोन, प्रोसेसर आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल असते. त्वचेखाली रिसीव्हर आणि आतल्या कानात सरकवलेली इलेक्ट्रोडची बारीक तार. डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली मेलबर्नमध्ये अनेक इलेक्ट्रोडचे असे यंत्र प्रथम बसवले ते रॉड सॉन्डर्स यांना. अपघातात ऐकू येणे बंद झालेले ते प्रौढ गृहस्थ होते.

या उपचाराचा खर्च लाखांत जातो. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे पुरवणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत २०१४च्या सुधारणेने प्रत्येक यंत्रामागे ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली. वांद्र्याची अली यावर जंग वाक्-श्रवण संस्था या तरतुदीचे काम पाहते. मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीतही २ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी हा उपचार आहे. शस्त्रक्रियेसाठी शासनाने हात आखडता घेतलेला नाही, हे पालक कृतज्ञतेने नमूद करतात.

अडचण सुरू होते ती टाके निघाल्यानंतर.

काही आठवड्यांनी यंत्र सुरू होते, तेव्हा मुलाला नुसते आवाज कळू लागतात, शब्द नव्हेत. पुढची काही वर्षे नियमित मॅपिंग (मुलाच्या प्रतिसादानुसार प्रोसेसरची जुळवणी) आणि वाचाउपचार लागतात. यंत्र नीट चालते का हे पाहण्यासाठी आई रोज सकाळी तोंडासमोर हात धरून आ, ई, ऊ, म, स, श असे सहा आवाज काढते. एरवी लगेच मान वळवणारे मूल एखाद्या दिवशी ‘स’ला गप्प राहिले, की तिच्या पोटात गोळा येतो. केबल तुटली असेल, बॅटरी उतरली असेल किंवा पावसाळी दमटपणाने मायक्रोफोन खराब झाला असेल. वॉरंटी संपलेली असेल, तर या दुरुस्तीचा खर्च रोजंदारीच्या घराला झेपत नाही. प्रोसेसर बदलायचा झाला तर बिल पुन्हा लाखांत. मग यंत्र कपाटात जाते आणि मूल शाळेत मागच्या बाकावर.

केरळने ‘श्रुतितरंगम’ योजनेत शस्त्रक्रियेबरोबर देखभाल आणि प्रोसेसरचे अद्ययावतीकरणही अंतर्भूत केले आहे. महाराष्ट्राला हे अशक्य नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. भाषा रुजण्याचा काळ पहिल्या काही वर्षांचा. म्हणून पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांना सुरुवात हा जगभर मानलेला क्रम आहे. ‘उशिरा बोलेल, घराण्यातच आहे’ असे म्हणत दोन-तीन वर्षे गेली, की ॲडिपमधील जन्मजात कर्णबधिरांची ५ वर्षांची मर्यादा पुढ्यात येऊन ठेपते. मोठेपणी श्रवणशक्ती गमावलेले तर वरील दोन्ही योजनांत बसतच नाहीत.

सबब पुढील मागण्या करण्यात येत आहेत :

१. प्रत्येक शासकीय प्रसूतिगृहात नवजात बालकाची ओएई ही श्रवणाची प्राथमिक तपासणी सक्तीची करावी. संशय आल्यास निदानासाठी बेरा (श्रवणतंतूच्या प्रतिसादाची) तपासणी तीन महिन्यांच्या आत मोफत व्हावी.

२. वॉरंटीनंतर केबल, कॉइल, बॅटरी व दुरुस्तीसाठी वार्षिक अनुदान द्यावे. निकामी प्रोसेसर बदलून देण्यासाठी स्वतंत्र निधी ठेवावा.

३. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ऑडिओलॉजिस्ट व वाचाउपचारतज्ज्ञांची पदे भरावीत; मॅपिंगची सोय किमान प्रत्येक महसुली विभागात करावी.

४. गरजू प्रौढांसाठी राज्याची स्वतंत्र योजना आखावी.

५. हा उपचार ऐच्छिक आहे. इम्प्लांट न घेणाऱ्या वा त्याचा लाभ न झालेल्या मुलांना भारतीय सांकेतिक भाषेतून शिक्षण मिळावे.

येत्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद करावी आणि तत्पूर्वी पालक प्रतिनिधींसह आरोग्य व दिव्यांग कल्याण विभागांची संयुक्त बैठक बोलवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
कर्णबधिर मुलांचे पालक व वाचाउपचारतज्ज्ञ

प्रत : मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई