पायाखालचा ख्रिस्त

फेब्रुवारी लागला की आम्हा वसईच्या ख्रिस्ती माणसांना नागासाकी आठवतं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या निशिझाका टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. त्यांत आमच्या वसईत जन्मलेले ब्रदर गोन्सालो गार्सिया होते. जपानी उत्तम बोलणारे, फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषे. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. लहानपणी त्यांची गोष्ट ऐकताना दरवेळी मनात यायचं, तिथं मी असते तर? हा प्रश्न आईला कधी विचारला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. मी पळाले असते.

मार्टिन स्कोर्सेसींचा ‘सायलेन्स’ मी या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिला, तो या जुन्या प्रश्नामुळेच. शुसाकु एन्डो या जपानी कॅथलिक लेखकाच्या १९६६ सालच्या कादंबरीवरचा हा २०१६चा चित्रपट. काळ गोन्सालोंच्या नंतरचा, १६४०च्या सुमाराचा. तोवर जपानच्या राज्यकर्त्यांना कळून चुकलं होतं की हुतात्मे केले की श्रद्धा वाढते. म्हणून त्यांनी मारण्यापेक्षा मोडण्याचा मार्ग धरला. येशूची किंवा मरियेची प्रतिमा असलेला पत्रा जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर पाय द्यायला लावायचा. याला ‘फुमिए’ म्हणत. जो पाय देईल तो सुटला.

चित्रपटातला मोकिची हा शेतकरी पाय देतो, पण क्रुसावर थुंकायला सांगितल्यावर त्याच्यानं ते होत नाही. त्याला समुद्रात क्रुसाला बांधतात. भरतीच्या लाटा अंगावर आदळत राहतात आणि चार दिवसांनी तो मरतो, गात गात. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, फक्त पाण्याचा आवाज. हे दृश्य पाहताना मी हात जोडले होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

माझी खरी अडचण आहे ती चित्रपटाच्या कळसाशी. पोर्तुगीज जेझुइट फादर रॉड्रिग्स कोठडीत आहेत. बाहेर कुणी घोरतंय असं त्यांना वाटतं. तो आवाज असतो खड्ड्यात उलट्या टांगलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या कण्हण्याचा. त्या बिचाऱ्यांनी धर्म कधीच नाकारलेला आहे, तरी फादर पाय देत नाहीत तोवर त्यांना वर काढणार नाहीत. फुमिए समोर येतो आणि इतका वेळ गप्प असलेला ख्रिस्त बोलतो: पाय दे म्हणतो. फादर पाय देतात. दूर कुठंतरी कोंबडा आरवतो.

तो आवाज थकलेल्या मनाचा भास आहे, असंही मानता येतं आणि चित्रपट ती वाट बंद करत नाही. पण माझं मन तिथं अडतं. शिष्य पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं, तेव्हा येशूनं त्याला ‘नाकार’ म्हणून सांगितलं नव्हतं. नंतर सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासे भाजून त्याला जवळ बसवलं आणि तीनदा प्रेमाचं विचारलं. क्षमा वेगळी आणि परवानगी वेगळी. परवानगी मिळाली की क्षमा मागायला काही उरतच नाही. त्या खड्ड्याशी मी उभी असते तर फादरांच्या आधी पाय दिला असता, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मात्र ख्रिस्तानंच ते करवून घेतलं, हे सांत्वन मला नको.

म्हणून मला या चित्रपटातला सगळ्यांत ख्रिस्ती माणूस वाटतो तो किचिजिरो. घरचे सगळे जाळले गेले आणि हा एकटा पाय देऊन वाचला. पुढे तो फादरांनाच पकडून देतो. घाणेरडा, दारुडा, भेकड. पण आपण केलं ते बरोबर होतं, असं तो एकदाही म्हणत नाही. दरवेळी पडतो आणि दरवेळी गुडघे टेकून पापनिवेदन ऐका म्हणून फादरांच्या मागे लागतो. फादरांना त्याची किळस येते. मलाही आली, पहिल्यांदा पाहताना.

आणि इतिहास किचिजिरोच्या बाजूनं आहे. जपानचे लपलेले ख्रिस्ती लोक वर्षानुवर्षं फुमिएवर पाय देत आणि घरी येऊन ‘कोन्चिरिसान’ म्हणत, म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना. हा शब्द पोर्तुगीजांकडून शिकलेला. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, हातात ग्रंथ नाही, तरी पाप झालं हे त्यांना कळत होतं आणि क्षमा आहे यावर त्यांचा विश्वास होता. दोनशेहून अधिक वर्षं हे चाललं. १८६५च्या मार्चमध्ये उराकामी गावची काही लपलेली ख्रिस्ती माणसं नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये आली आणि तिथल्या फादर पतीजाँ यांना हळूच म्हणाली की आमचंही हृदय तुमच्यासारखंच आहे. तेव्हाही ख्रिस्ती धर्मावरची बंदी उठली नव्हती. पुढे उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार व्हावं लागलं आणि १८७३ साली कुठं बंदीचे फलक खाली आले.

चित्रपट या लपलेल्या ख्रिस्तींच्या घरांपर्यंत पोचत नाही, याची मला खंत वाटते. शेवटी तो रॉड्रिग्सच्या चितेपाशी थांबतो. त्यांच्या मुठीत मोकिचीनं दिलेला चिमुकला क्रूस आहे. सुंदर दृश्य आहे, पण फार एकटं.

त्याआधी किचिजिरो पुन्हा येतो, पुन्हा पापनिवेदन मागतो आणि धर्म सोडलेल्या त्या फादरांचं कपाळ त्याच्या कपाळाला टेकतं. मग एके दिवशी झडतीत त्याच्या गळ्यातल्या ताईतात पवित्र चित्र सापडतं. शिपाई त्याला घेऊन जातात. या वेळी तो पळत नाही.