बंद पडलेली मोटार आणि विम्याचा हिशेब

मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करताना मुख्य हप्त्याच्या खाली आणखी एक छोटी रक्कम दाखवलेली असते. ‘रोडसाइड असिस्टन्स’ असे तिचे नाव. गाडी वाटेत बंद पडल्यास मदत, असा तिचा अर्थ. ही रक्कम बहुधा काही शे रुपयांची असते. हीच सोय एखाद्या स्वतंत्र कंपनीकडे वर्षाची वर्गणी भरून घेतली, तर आकडा हजार-दोन हजारांच्या घरात जातो. रक्कम लहान म्हणून तिच्यावर विचार करण्याचा कंटाळा येतो आणि आडरानात अडकण्याची भीती मोठी म्हणून ‘नको’ म्हणवत नाही. परिणामी बहुतेक गाडीमालक होकाराची खूण करून मोकळे होतात. काही जण मात्र ‘हे सारे लुबाडण्याचे धंदे’ असे म्हणून ती सोय झटकून टाकतात. दोन्ही निर्णय हिशेबावाचून झालेले असतात. शिक्षक, कारकून, छोटे व्यावसायिक यांच्या घरी आज जी मोटार दिसते, ती बहुधा कर्जाने किंवा दुसऱ्या हाताने घेतलेली असते आणि तिच्यावरील प्रत्येक खर्च घरातल्या दुसऱ्या एखाद्या गरजेतून काढलेला असतो. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘गाडीचा विमा आहे, मग गाडी बंद पडली तर कंपनी पाहून घेईल’ असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला ‘थर्ड पार्टी’ विमा आपल्या वाहनामुळे दुसऱ्याच्या जीविताची वा मालमत्तेची जी हानी होईल, तिच्यापुरता असतो. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारी सर्वंकष पॉलिसी घेतली, तर अपघात, आग, चोरी, पूर, दरड कोसळणे अशा आपत्तींना संरक्षण मिळते. परंतु झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड या गोष्टी तिच्या कक्षेतून स्पष्टपणे वगळलेल्या असतात. बॅटरी उतरणे, क्लच जाणे, इंजिन तापून गाडी थांबणे या रोजच्या अडचणी त्या पॉलिसीच्या बाहेरच राहतात.

ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन रस्त्यावरील मदतीची योजना देते. परंतु तिचीही मर्यादा ओळखली पाहिजे. ही योजना साधारणपणे पुढील कामे करते: बॅटरीला जोड देऊन गाडी सुरू करणे, पंक्चर झालेले चाक काढून स्टेपनी बसवणे, इंधन आणून देणे, किरकोळ दुरुस्ती जागेवर करणे आणि ते न जमल्यास गाडी टोचन करून जवळच्या गॅरेजपर्यंत नेणे. सुट्या भागांची किंमत, इंधनाचा दाम आणि गॅरेजचे बिल आपल्यालाच भरावे लागते. टोचनाचेही काही ठरावीक किलोमीटर फुकट असतात आणि वर्षात किती वेळा मदत मागता येईल यालाही मर्यादा असते. सारांश, गाडी दुरुस्त करून मिळण्याची हमी येथे विकत मिळत नाही. मदतनीस आपल्यापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था तेवढी विकत मिळते. पुढील सारा विचार या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

बर्नुलीचा व्यापारी

विमा कधी घ्यावा आणि कधी घेऊ नये, या प्रश्नाला अर्थशास्त्राने फार पूर्वी उत्तर दिले आहे. १७३८ साली डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने एका निबंधात पीटर्सबर्गच्या व्यापाऱ्याचे उदाहरण घेतले. त्या व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅममध्ये खरेदी केलेला माल पीटर्सबर्गला सुखरूप पोहोचला तर १०,००० रुबल मिळणार. मात्र त्या ऋतूत शंभरातील ५ जहाजे बुडतात आणि विम्यासाठी ८०० रुबल मागितले जातात. सरासरीने पाहिले तर धोक्याची किंमत ५०० रुबल. म्हणजे विमेवाला ३०० रुबल अधिक घेतो. तरीही विमा घ्यावा काय? बर्नुलीचे उत्तर असे की, ते व्यापाऱ्याच्या उरलेल्या संपत्तीवर अवलंबून आहे. त्याच्याजवळ सुमारे ५,०४३ रुबलांहून कमी असतील तर त्याने महाग वाटला तरी विमा घ्यावा; त्याहून अधिक असतील तर धोका स्वतःच सोसावा.

यातून निघणारा नियम साधा आहे. विमा हा सरासरीने नेहमीच तोट्याचा सौदा असतो. कारण त्या हप्त्यातून दलालाचे कमिशन, कार्यालयाचा खर्च आणि कंपनीचा नफा निघायचा असतो. हा तोटा पत्करण्यात शहाणपण केव्हा? ज्या आघाताने संसार कोलमडेल, अशा आघातापासून तो वाचवत असेल तेव्हा. घरातल्या कर्त्या माणसाचे आजारपण, मोटारीखाली सापडलेल्या माणसाच्या कुटुंबाला द्यावी लागणारी भरपाई, ही अशी संकटे आहेत. बंद पडलेली गाडी टोचन करून आणणे हे त्या जातीचे संकट नव्हे. तो खर्च त्या महिन्याचा जमाखर्च बिघडवतो. वर्षाचा बिघडवत नाही.

आकडे धरून पाहू. वर्गणी वर्षाला १,००० रुपये आहे आणि मदत मागण्याची वेळ आली असता खासगी क्रेन व मेकॅनिक यांवर ५,००० रुपये खर्च झाले असते, असे समजा. मग ही वर्गणी वसूल होण्यासाठी गाडी ५ वर्षांतून किमान एकदा त्या प्रमाणात बंद पडली पाहिजे. नव्या, नीट देखभाल केलेल्या आणि बहुतांश शहरातच फिरणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे प्रमाण अधिक वाटते; बारा वर्षांच्या आणि दर आठवड्याला दूरचा पल्ला गाठणाऱ्या गाडीच्या बाबतीत ते कमीही वाटेल. आपली गाडी कोणत्या वर्गात मोडते, हे मालकाइतके कोणाला ठाऊक नसते. शिवाय त्याच १,००० रुपयांत जुनी बॅटरी वेळेवर तपासणे, शीतक भरणे, स्टेपनीत हवा आहे की नाही हे पाहणे अशी बरीच कामे होतात. वर्गणीने बिघाडाची शक्यता तसूभरही घटत नाही. देखभालीने ती घटते.

शहर, महामार्ग आणि घाट

तरीही केवळ सरासरीच्या हिशेबाने हा प्रश्न मिटत नाही. कारण गाडी कोठे बंद पडली यावर मदतीची किंमत ठरते. कोल्हापूर शहरात गाडी बंद पडली तर काळजी कसली? ज्या गावात उद्यमनगर आहे, जेथे ओतकाम, लेथकाम आणि इंजिनदुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तेथे ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला की त्याचा पोऱ्या मोटारसायकलवरून हजर होतो. अशा गावात मदतीचे कंत्राट घेणे म्हणजे पंचगंगेकाठी राहून पाण्याची बाटली विकत घेण्यासारखे आहे.

पुणे-बंगळूर महामार्गाची गोष्ट वेगळी आहे. टोल घेणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि अडथळा ठरलेले वाहन हटवण्यासाठी क्रेन ठेवणे ही रस्ता चालवणाऱ्या कंपनीची जबाबदारी असते, आणि त्यासाठी १०३३ हा क्रमांक आहे. ही सेवा गाडी गॅरेजपर्यंत पोहोचवत नाही; पण भरधाव वाहनांच्या वाटेतून ती बाजूला घेते, आणि खरा जीवघेणा धोका तेथेच असतो. किणी किंवा तासवडे नाक्यावर आपण जे पैसे मोजतो, त्यांत या व्यवस्थेचा खर्च अंतर्भूत आहे. शहरांतर्गत टोलविरुद्ध एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा देऊन २०१५ च्या अखेरीस तो रद्द करण्याचा निर्णय शासनाला घ्यायला लावणाऱ्या कोल्हापूरकरांना ‘आपण पैसे कशाचे मोजतो?’ हा प्रश्न नवा नाही. तोच प्रश्न महामार्गावरील क्रेनबद्दलही विचारला पाहिजे. जी सेवा टोलमधून देय आहे ती न मागता तिच्याचसाठी खासगी वर्गणी भरणे, म्हणजे एका मालाचे दोनदा दाम मोजणे होय.

खरी अडचण घाटात आहे. आंबा, गगनबावडा, फोंडा, आंबोली या वाटांनी कोकणात उतरणारे अनेक आहेत. त्यांतील कोणाचे मूळ गाव तिकडे, तर कोणाची लेक तिकडे दिलेली. पावसाळ्याच्या रात्री, धुक्यात, म्हातारी माणसे आणि मुले गाडीत असताना इंजिन बंद पडले, तर तेथे बाजारपेठ उरत नाही. एकच क्रेनवाला आणि एकच गरजू उरतो. अशा वेळी क्रेनवाला सांगेल ती किंमत, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. रात्री-अपरात्री घाटात येण्याचे मोल असतेच. मदतीच्या कंत्राटाच्या बाजूने सर्वांत सबळ युक्तिवाद हाच आहे. आपण निवांत असताना, आपल्यापुढे चार पर्याय असताना किंमत ठरवून टाकायची, म्हणजे अडल्या घडीला घासाघीस करण्याची पाळी येत नाही.

परंतु हा युक्तिवाद मान्य केला, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: क्रेन येणार कोठून? मदत विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांजवळ स्वतःच्या क्रेन नसतात. दूरच्या शहरातील केंद्रात आपला फोन घेतला जातो आणि तेथून आपल्या भागातल्या क्रेनवाल्याला निरोप जातो. त्या भागात कंपनीने कोणाशी करारच केलेला नसेल, तर पुण्यात उत्तम चालणारी योजना घाटात निरुपयोगी ठरते. घाटातल्या काही वळणांवर फोनला रेंजही मिळत नाही. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी जाहिरातीतील ‘संपूर्ण भारतात सेवा’ या शब्दांवर विसंबून राहू नये. गगनबावड्याला किंवा आंब्याला तुमचा माणूस कोण, तो किती वेळात येतो, फुकट टोचन किती किलोमीटरचे, ते अंतर कोठून मोजता, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर न देणारी कंपनी संकटकाळी काय देईल, हे सांगायला नको.

आणखी एक मर्यादा कोल्हापूर कधी विसरू शकणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली. एकाची गाडी आज बंद पडते, दुसऱ्याची सहा महिन्यांनी, या गृहीतावर मदतीचा धंदा उभा असतो. सर्वांवर एकाच दिवशी संकट आले, की कोणत्याही कंपनीची क्रेन पुरत नाही. पुराच्या बाबतीत मूळ पॉलिसी अधिक महत्त्वाची. त्यातही पाण्यात उभी असलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन गेले, तर साध्या सर्वंकष पॉलिसीतून त्याची भरपाई नाकारली जाऊ शकते. त्यासाठी इंजिनसंरक्षणाचे वेगळे कलम असते. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्याने रस्त्यावरील मदतीच्या आधी त्या कलमाचा विचार करावा.

आधी काय, नंतर काय

यावरून खर्चाचा क्रम लावता येतो. थर्ड पार्टी विमा सर्वांत आधी. देशातील निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना रस्त्यावर धावतात, असे या क्षेत्रातील माहितीतून वारंवार पुढे आले आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी हा विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. तो संपल्यावर नूतनीकरण विसरणाऱ्याने मदतीची वर्गणी भरणे म्हणजे उंबरा सोडून चौकटीला तोरण बांधणे होय. त्यानंतर कुटुंबाचा आरोग्यविमा. त्यानंतर गाडीच्या किमतीच्या मानाने सर्वंकष पॉलिसी. मग टायर आणि बॅटरी. या साऱ्यांनंतर रस्त्यावरील मदतीचा क्रम लागतो.

त्या क्रमापर्यंत पोहोचल्यावरही आपल्याजवळ ही सोय आधीच आहे काय, हे पाहावे. नव्या गाडीबरोबर उत्पादक कंपनी बहुधा काही काळ ती देतेच. विम्याच्या कागदावर ती पुन्हा जोडलेली असते. दोन छत्र्या घेतल्याने पाऊस निम्मा होत नाही.

एका पर्यायाचा विचार या जिल्ह्याने तरी अवश्य करावा. रस्त्यावरील मदतीचा उगम नफ्याच्या धंद्यात झालेला नाही. इंग्लंडची ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ साली मोटारवाल्यांनी स्वतःसाठी उभारली, तीही आरंभी पोलिसांच्या वेगसापळ्यांची सूचना एकमेकांना देण्यासाठी. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ ची. आपली एसटीही याच तत्त्वावर चालते: एक गाडी बंद पडली तर त्याच तिकिटावर प्रवाशांना मागून येणाऱ्या गाडीत बसवून देतात, एका गाडीचा बिघाड सारा ताफा वाटून घेतो. साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था यांच्या या प्रदेशात एखाद्या शिक्षक वा कर्मचारी पतसंस्थेने सभासदांच्या वतीने घाटपायथ्याच्या क्रेनवाल्यांशी वर्षाचे दर ठरवून घेतले, तर प्रत्येकाने दूरच्या कंपनीकडे वेगवेगळी वर्गणी भरण्याचे कारण उरणार नाही. हिशेब ठेवायला पतसंस्थेइतके सवयीचे हात दुसरे कोणते?

तोपर्यंत निर्णय असा घ्यावा. गाडी नवी, फिरणे शहरात आणि अडीअडचणीला दहा हजार रुपये हाताशी, असे असेल तर वर्गणी भरू नये. तेवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकावी. गाडी जुनी, घाटाची वाट नेहमीची आणि सोबत वृद्ध किंवा मुले असतील, तर लेखी उत्तरे देणाऱ्या कंपनीकडे ती जरूर भरावी आणि वर्ष संपल्यावर उपयोग झाला नाही म्हणून हळहळू नये. महामार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाने मात्र १०३३ हा क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवावा, आणि क्रेन वेळेवर आली नाही तर तक्रार लेखी करावी. तक्रारच न करणाऱ्या ग्राहकासाठी क्रेन सज्ज ठेवण्याची घाई कोणत्याही कंपनीला नसते.