किनारा... बीडचा!

बाइक, कॅमेरा आणि एकटीची ट्रिप म्हटलं, की दोस्तमंडळी लगेच कोकणचा रूट सुचवतात. मी बीड गाठलं. ‘तिथं काय, भेगाळलेल्या जमिनीचे फोटो काढणार?’ हा कॉमन प्रश्न!

समुद्र नाही, पण जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी आहे ना. गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला नदीकाठी गाडी लावली. सकाळचा लाइट एकदम सॉलिड. 10 ऑगस्ट 1763 ला माधवराव पेशव्यांनी इथं निजामाच्या सैन्याला हरवलं, तेव्हा ते 18 वर्षांचे होते. (त्या वयात आपण एफवायचे फॉर्म भरत होतो!)

दिवाळी नुकतीच संपलेली. परतीच्या रस्त्यावर ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर थांबलेला दिसला. ट्रॉलीत भांडी, कोयते, शेळी, पोरं... सहा महिन्यांचा संसार. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. मी कॅमेरा वर केला, तशा ट्रॉलीतल्या मावशी म्हणाल्या, “आत्ता नको ताई. माघारी येताना काढा.”

लेन्सला कॅप लावली. कारखान्यांचा हंगाम संपतो साधारण मार्च-एप्रिलमध्ये. गावाचं नाव तेवढं विचारून घेतलंय.