पोलीस भरतीत नसलेलं इंग्रजी तलाठ्याच्या पेपरात आडवं येतं; पोरांचे मार्क नेमके कुठे गळतात?

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, कुठल्याही रस्त्याला पहाटे पाचला निघा, कडेकडेने पोरं पळताना दिसतात. आता पोरीही दिसतात. पळणं चांगलंच आहे, पण आकडे बघा. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. शंभरातले नव्याण्णव घरी परत येतात. त्यांचं पुढं काय होतं, त्यावर आज बोलू.

घरी आलेलं पोरगं बसून राहत नाही. तलाठी, वनरक्षक, जिल्हा परिषद, जो फॉर्म सुटेल तो भरतं. घोळ इथंच होतो. पोलीस शिपायाच्या १०० मार्कांच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण असतं. इंग्रजी नसतं. दोन-तीन वर्षं याच चार विषयांवर घासलेला उमेदवार तलाठ्याच्या पेपराला बसतो, तेव्हा २०० पैकी ५० मार्कांचं इंग्रजी समोर उभं राहतं.

२०२३ ची तलाठी भरती आठवा. ४,६४४ जागा, दहा लाखांवर अर्ज. फी खुल्या वर्गाला १००० रुपये, राखीव वर्गाला ९००. पेपरात १०० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क: मराठी २५, इंग्रजी २५, सामान्य ज्ञान २५, बौद्धिक चाचणी २५. त्याच वर्षीच्या वनरक्षक परीक्षेतही १२० पैकी ३० मार्क इंग्रजीचे होते. दोन्हीकडे चौथा हिस्सा. आपल्याकडची बरीच पोरं या चौथ्या हिश्श्यात डोळे झाकून गोळे भरून येतात. बापाने सोयाबीन विकून भरलेल्या फीतला चौथा हिस्सा तिथंच गेला म्हणा.

आता हिशेब करा. तलाठ्याच्या त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नव्हते. चार पर्यायांत नुसता अंदाज मारला तरी २५ पैकी सहा-सात प्रश्न बरोबर येतात, म्हणजे १२ ते १४ मार्क. तेच थोडा अभ्यास करून १७ प्रश्न बरोबर आणले तर ३४ मार्क. वीस मार्कांचा फरक! मेरिटमध्ये एकेका मार्कावर रांग लागलेली असते, तिथं वीस मार्क म्हणजे कुठल्या कुठं. सामान्य ज्ञानात वीस मार्क वाढवायला वर्ष जातं, कारण त्या विषयाला कुंपणच नाही. इंग्रजीला कुंपण आहे. जाहिरातीतच लिहिलं होतं की परीक्षा पदवीच्या दर्जाची असली तरी मराठी आणि इंग्रजीचा दर्जा बारावीचा राहील.

पोरं म्हणतात, "आमचं इंग्रजी पहिल्यापासून कच्चं." आमच्या वेळी पाचवीला ए-बी-सी-डी सुरू व्हायची. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आज फॉर्म भरणारे बहुतेक जण बारा वर्षं इंग्रजी शिकलेत. तरी अडतं. त्याचं एक कारण मला असं दिसतं की आपण मराठीत विचार करतो आणि शब्दाला शब्द लावतो. चुका ओळखायच्या प्रश्नात परीक्षक बरोबर तिथंच खड्डा खणून ठेवतो.

‘पासून’ हा शब्द घ्या. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘२०२० पासून’, मराठीत दोन्हीकडे पासूनच. इंग्रजीत किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’, आणि कधी सुरू झालं ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’. दोन वर्षं असेल तर फॉर, २०२० असेल तर सिन्स. तसंच ‘च्याशी लग्न झालं’ म्हणून आपण ‘मॅरिड विथ’ लिहितो, पाहिजे ‘मॅरिड टू’. ‘विषयावर चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’ लिहितो, पण डिस्कसच्या मागे अबाउट लागतच नाही. वेळेचं सोपं आहे: पाच वाजता ‘ॲट’, सोमवारी ‘ऑन’, मे महिन्यात ‘इन’. आणि ‘वन ऑफ द’ आलं की पुढचं नाम अनेकवचनी, क्रियापद मात्र एकवचनी.

‘अ’ की ‘ॲन’ यावरही मार्क जातात. इथं आपली मराठी उलट कामाला येते. इंग्रजी शब्द मराठीत लिहून बघा. ‘आवर’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन आवर’, स्पेलिंग ‘एच’ने सुरू होत असलं तरी. ‘युनिव्हर्सिटी’ मराठीत ‘य’ने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. आमदाराचं ‘एमएलए’ लिहिताना आधी ‘ए’ येतो, म्हणून ‘ॲन एमएलए’. ‘वन रुपी नोट’ला ‘व’ आहे, म्हणून ‘अ’. इंग्रजी शाळेतली पोरं स्पेलिंग बघून इथं फसतात, आपण फसायचं कारण नाही.

समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांना मात्र शॉर्टकट नाही. रोज दहा शब्द वहीत लिहायचे आणि जुन्या पेपरात ते कुठं आले ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे.

सामान्य ज्ञानाचं दुखणं वेगळं. तिथं पोरं कमी वाचत नाहीत, वाट्टेल ते वाचतात. मोबाईलवर रोज पीडीएफचा पाऊस. टेलिग्रामवर ‘खात्रीशीर प्रश्न’ विकणारेही कमी नाहीत. तलाठी परीक्षा १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ अशी महिनाभर वेगवेगळ्या सत्रांत चालली, दर सत्राचा पेपर वेगळा. तुमच्या सत्राचे प्रश्न आधीच कुणाकडे आहेत म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. सत्रं वेगळी म्हणून मार्कांचं सामान्यीकरण झालं, आणि २०० पैकी २१४ मार्क दिसल्यावर केवढा गदारोळ उठला ते सगळ्यांनी पाहिलं.

खरं तर शेतकऱ्याच्या घरातलं पोरगं सामान्य ज्ञानाच्या ढिगावरच बसलेलं असतं. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. खाते उतारा ८अ, फेरफार नमुना ६. बापाच्या पिशवीत हे कागद आहेतच, एकदा काढून नीट वाचा. त्याच्या मागचा कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. पंचायतराज बघा: बलवंतराय मेहता समिती १९५७, राज्यात वसंतराव नाईक समिती १९६०, जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून, ७३ वी घटनादुरुस्ती लागू २४ एप्रिल १९९३. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. हे गावातल्या कुणालाही तोंडपाठ असतं, फक्त साल आठवत नाही. आणि परीक्षेत सालच विचारतात.

तसंच मराठवाडा मुक्तिसंग्राम. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा होतो, पण हैदराबादवरची पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि तिचं नाव ‘ऑपरेशन पोलो’, हे विचारलं की गप्प. आपला जिल्हा परभणीतून १ मे १९९९ ला वेगळा झाला, हेही कित्येकांना सांगता येत नाही.

केंद्राच्या भरतीकडे आपल्याकडे अजून दुर्लक्ष आहे. स्टाफ सिलेक्शनच्या जीडी कॉन्स्टेबलचा पेपर २०२४ पासून मराठीतूनही देता येतो, आणि भाषेच्या २० प्रश्नांना इंग्रजीऐवजी हिंदी घेता येते. पण दहावी पासवर होणाऱ्या एमटीएसला तशी सवलत नाही. तिथं पहिलं सत्र फक्त पात्रतेपुरतं. मेरिट लागतं दुसऱ्या सत्रावर, आणि त्यात ७५ मार्क सामान्य ज्ञानाला, ७५ इंग्रजीला. प्रश्नाला ३ मार्क, चुकला तर १ कापतात. तलाठ्याच्या पेपरातली गोळे भरायची सवय इथं नेऊ नका. पर्यायातले दोन खोडता आले तरच उरलेल्या दोघांतून एक निवडा.