गाडी कोणाच्या दारी?

मुंबईची मेट्रो कोठवर न्यावी, लोकलचे रूळ किती वाढवावे, बसचे तिकीट किती ठेवावे, हे सारे शहरवाल्यांचे प्रश्न; आपण डांगाणातली माणसे, आपणांस त्याचे काय सोयरसुतक, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमचे मत अगदी उलट आहे. राजूर, शेंडी, बारी या बाजूच्या कोणत्याही घरी जाऊन विचारा की भाताची कापणी उरकल्यावर धाकटा भाऊ कोठे जातो आणि थोरला मुलगा बारा महिने कोठे असतो? कोणी कल्याणला, कोणी आंबिवलीला, कोणी दिव्याला, कोणी भिवंडीला आणि कोणी पुण्याकडे चाकणला. तो रखवालदार आहे, हमाल आहे, गवंडी आहे, सुतार आहे. तो मुंबईत राबतो पण मुंबईत राहात नाही, कारण मुंबईने त्यास राहू दिलेले नाही. तेव्हा उपनगराच्या गाडीचा प्रश्न हा कुणब्याच्या, कोळ्याच्या, ठाकराच्या, लोहार-सुताराच्या घरचाच प्रश्न होय.

पूर्वी असे नव्हते. घोड्यांची ट्राम मुंबईत १८७४ साली आली, विजेची १९०७ साली, आणि बस १९२६ साली. परंतु गिरणीतला आपला माणूस यांतल्या कशावर फारसा अवलंबून नव्हता. तो गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, चाळीत राहात असे आणि पायी कामावर जात असे. खोली अंधारी असे, एका खोलीत दहा-दहा माणसे असत, हे खरे. पण पाळी सुटली की पाव घटकेत तो घरी असे. पुढे १९५० आणि १९५७ साली शहराची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत ताणली गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप झाला. गिरण्या एकामागून एक बसल्या. जेथे साचे खडखडत होते तेथे आज काचेचे मनोरे उभे आहेत. चाळकरी उठला तो डोंबिवली, बदलापूर, विरार असा सरकत सरकत पार कसाऱ्याच्या वाटेला लागला. काम मात्र जागच्या जागी राहिले. त्या मनोऱ्यांत झाडू मारावयास, दारावर उभे राहावयास, लिफ्ट दुरुस्त करावयास माणूस लागतोच, आणि तो कसाऱ्याहून येतो.

कसाऱ्याहून मुंबईचे मोठे स्टेशन सुमारे १२० किलोमीटर. लोकलला अडीच तासांच्या आसपास लागतात. जाऊन-येऊन पाच तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर १३० तास झाले. आठ तासांची एक पाळी धरा, म्हणजे महिन्यास सोळा पाळ्या हा माणूस फुकट भरतो. या पाळ्यांचा पगार त्यास कोणी देत नाही, उलट त्यानेच पास काढावयाचा! नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांकरिता वर्षानुवर्षे झगडून १८९० साली रविवारची सुटी मिळविली. सत्यशोधक समाजाच्या या सुपुत्राने मिळविलेली ती सुटी आज आपला मुलगा झोपण्यात घालवितो, कारण सहा दिवसांची झोप गाडीने खाल्लेली असते. गावी यावयाचे तर त्यास अंगात त्राण नसते. म्हाताऱ्या आईस वाटते, पोरगा बदलला. पोरगा बदललेला नाही हो, तो दमलेला आहे.

आणि हा प्रवास तरी सुखाचा आहे काय? मुंबईच्या लोकलांतून रोज सत्तर लाखांवर उतारू जातात. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दाराला लोंबकळणारी माणसे एकमेकांस घासून रुळावर पडली. त्या दिवशी चार जीव गेले. त्यांतली एक गाडी कसाऱ्याकडे निघालेली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत उपाय छापून आला की डब्यांना आपोआप बंद होणारी दारे बसवू. दारे जरूर बसवा. पण दाराबाहेर राहिलेल्या माणसाने कामावर जावयाचे कशाने, याचा जबाब आधी द्यावा. कल्याणच्या पुढे कसाऱ्यापर्यंत मेल, मालगाडी आणि लोकल या तिघींनी त्याच दोन रुळांवर धावावयाचे, म्हणून लोकलांची संख्या वाढत नाही. तिसऱ्या रुळाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे.

पैसा नाही म्हणावे तर तसेही नाही. कुलाबा बाजूच्या कफ परेडपासून आरेपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरी झाली. साडेतेहतीस किलोमीटरला सदतीस हजार कोटींवर रुपये लागले, म्हणजे एका किलोमीटरला अकराशे कोटी! यातला मोठा भाग जपानचे कर्ज आहे आणि ते फेडावयाचे आहे. आम्ही मेट्रोचे वैरी नाही. भुयारातून गाडी धावते, धूर नाही, धक्काबुक्की नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याच्या दारी आधीच दोन गाड्या उभ्या आहेत त्याच्या दारी तिसरी आधी येते, आणि ज्याच्या दारी एकही नाही त्याच्या वाट्यास भूमिपूजनाचा नारळ येतो.

भिवंडीच पाहा. यंत्रमागाचे एवढे मोठे शहर, विणकर आणि हमाल यांचे. दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड म्हणून स्टेशन आहे, पण त्यावर गाड्या मोजक्याच. १८ डिसेंबर २०१८ रोजी ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचा पायाभरणी समारंभ खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते झाला. त्यानंतरची सात वर्षे सरली, पण त्या सात वर्षांत त्या मार्गावर एकही उतारू बसला नाही. विणकर रिक्षात कोंबून जातो. समजा, रिक्षास जाता-येता साठच रुपये पडले, तरी २६ दिवसांचे १५६० झाले. तेवढ्यात गावी खताच्या गोणी येतात.

मोनोरेलची कथा तर तमाशाला शोभेल अशी आहे. २०१४ साली मोठ्या थाटाने ती सुरू झाली. पुढे २०१९ साली जेथवर नेली त्या शेवटच्या स्टेशनास संत गाडगे महाराज चौक असे नाव आहे. ज्या बाबांनी एक पैसाही वाया जाऊ दिला नाही, त्यांच्या नावाच्या फलाटावर रिकाम्या गाड्या येत राहिल्या. १९ ऑगस्ट २०२५ रोजी पावसाने लोकल बंद पडल्या, तेव्हा एकदाची ती भरली. तर भार सोसेना म्हणून अधांतरी अडकली आणि शेकडो लोकांस शिड्या लावून उतरवावे लागले. २० सप्टेंबर २०२५ पासून ती दुरुस्तीसाठी बंदच केली.

या सर्वांपुढे साधी बस काय कामाची, असे बड्या लोकांस वाटते. अनुभव निराळा आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने ट्राम आणि बस कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतल्या आणि विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून काढली. हा शहाणपणा बरीच वर्षे टिकला. जुलै २०१९ मध्ये बेस्टने कमीत कमी तिकीट आठावरून पाच रुपयांवर आणले, तेव्हा उतारू लाखांनी वाढले. तिकीट खिशाला झेपले की गरीब माणूस गाडीत बसतो, हे कळावयास विलायतेचा तज्ज्ञ नको. परंतु ९ मे २०२५ पासून तेच तिकीट दहा रुपये झाले. रोज दोन फेऱ्या करणाऱ्याचे महिन्याचे २६० होते ते ५२० झाले. एके काळी बेस्टच्या स्वतःच्या चार हजारांवर गाड्या होत्या, त्या २०२५ साली काही शेकड्यांवर आल्या, बाकीच्या ठेकेदारांच्या. ठेकेदाराची गाडी त्यास परवडेल तेथेच धावते.

आपल्या एस.टी.चेही तेच. पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे आणि आपले नगर यांच्याच दरम्यान, हा आपल्या जिल्ह्याचा मान. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा ज्या बायका वर्षातून एकदा माहेरी जात त्या बाजारालाही एस.टी.ने जाऊ लागल्या. मग २५ जानेवारी २०२५ रोजी भाडे १४.९५ टक्क्यांनी चढले. शहरात मेट्रो आणि खेड्यात काळी-पिवळी, अशी वाटणी एकाच तिजोरीतून कशी होते, हे विचारण्याचा हक्क आपणांस आहे, कारण त्या तिजोरीत काडेपेटीपासून पायताणापर्यंतचा आपला कर पडतो.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांनी नीट ध्यानी घ्यावी. रूळ कोठून जाणार याचा नकाशा शेतकऱ्यास सर्वांच्या शेवटी दिसतो. शेटजीस तो आधी दिसतो. आजचा शेटजी व्याजाने पैसे देत नाही, तो एकराच्या भावाने जमीन घेतो आणि चौरस फुटाच्या भावाने घरे विकतो. स्टेशन सरकारच्या पैशाने होते आणि वाढलेली किंमत त्याच्या पेटीत पडते. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथे घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कात मेट्रोसाठी एक टक्का अधिक घेतात. तो तर घर घेणारा भरतो. स्टेशनाभोवतीच्या जमिनीवर ज्याने खरी कमाई केली त्याच्याकडून वाटा घ्यावा आणि त्यातून बस चालवाव्या. आखणी जाहीर झाल्याखेरीज कोणी इसारपावतीवर अंगठा उठवू नये.

तूर्त आमच्या बाजूच्या गावांनी येत्या ग्रामसभेत ठराव करावा. कल्याण-कसारा तिसरा रूळ पुरा करून कसाऱ्याच्या लोकल वाढवाव्या. भिवंडीकडे मेट्रो सुरू होईतो दिवा-वसई मार्गावर कामाच्या वेळी गाड्या सोडाव्या. लोकल, बस आणि मेट्रो यांचा एकच पास असावा, आणि तो रोजंदारीच्या माणसास आठवड्याचाही मिळावा, कारण महिन्याचे पैसे एकदम त्याच्या हाती नसतात. आणि शनिवारी रात्री कसाऱ्यास उतरलेल्या माणसास घोटीवरून राजुरास आणणारी एस.टी. लोकलच्या वेळेस जोडून ठेवावी. ठराव रेल्वेकडे आणि मुंबईस पाठवावाच, पण एक प्रत अकोले आगारात समक्ष नेऊन द्यावी आणि पोहोच घेऊन यावी.