बंधुत्व नावाची वाहिनी

रूपक हा भाषेचा अलंकार, असे आपण वर्गात शिकवतो. अलंकार उतरवून ठेवता येतो. राजकारणातले रूपक मात्र उतरत नाही. रशिया आणि त्याचे शेजारी यांच्यातील ऊर्जाव्यवहार पाहताना आम्हांस हे प्रकर्षाने जाणवते.

सोव्हिएत काळात पूर्व युरोपला तेल नेणाऱ्या वाहिनीचे नाव होते 'द्रुझ्बा', म्हणजे मैत्री. युक्रेनमधून जाणाऱ्या वायुवाहिन्यांपैकी एक 'ब्रात्स्त्वो', म्हणजे बंधुत्व. दुसरी 'सोयुझ', म्हणजे संघ. १९९१ मध्ये संघ मोडला, पण नावे राहिली आणि नात्याचा हिशेबही राहिला. भावाला दिलेली सवलत कराराऐवजी उपकारात मोजली जाते. त्यामुळे दर हजार घनमीटरला ५० डॉलरचा दर २३० करण्याची मागणी झाली आणि १ जानेवारी २००६ रोजी युक्रेनचा पुरवठा तोडला गेला, तेव्हा तंटा दराचा असूनही भाषा चोरीची आणि विश्वासघाताची झाली. २०१० मध्ये सेवास्तोपोलच्या नौदलतळाची मुदत २०४२ पर्यंत वाढवून मिळाल्यावर रशियाने वायूच्या दरात सूट दिली. २०१४ मध्ये क्रिमिया बळकावल्यावर ती काढून घेतली. मार्च २०२२ मध्ये तर 'अमित्र राष्ट्रां'नी वायूचे पैसे रुबलमध्येच चुकते करावेत, असा हुकूम निघाला. मैत्री हे वाहिनीचे नाव होते. अमैत्री ही देयकाची अट झाली.

कोणी म्हणेल, खरे काय ते दर, नळ आणि सैन्य. शब्द म्हणजे वरची धूळ. शब्दाने झडप बंद होत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु कोणता प्रश्न विचारणे शिष्टसंमत, हे शब्दच ठरवतात. जर्मनीने 'नॉर्ड स्ट्रीम २' हा निव्वळ आर्थिक प्रकल्प असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले; त्याला राजकीय बाजू आहे, हे अँगेला मर्केल यांनी २०१८ मध्ये मान्य केले. तरीही बांधकाम पुढे चालूच राहिले. एकीकडे व्यापाराला नात्याचे नाव, दुसरीकडे राजकारणाला व्यापाराचे. अवलंबित्व दोन्हीकडे झाकलेलेच राहिले.

मराठीला हे नवे नाही. 'बंधुभाव' आणि 'भाऊबंदकी' हे दोन्ही शब्द तिने एकाच नात्यातून घडवले, आणि वाटणीची वेळ आली की कोणता वापरायचा हेही तिला ठाऊक आहे. १ जानेवारी २०२५ रोजी युक्रेनमार्गे युरोपला जाणारा रशियन वायू थांबला. रूपक शिकवताना ते काय सजवते, एवढेच विचारून भागणार नाही. ते कोणता प्रश्न विचारू देत नाही, हेही विचारले पाहिजे.